काळी, पांढरी आणि प्रवरा
जोर्वे या गावाच्या अभ्यासाची प्रस्तावना

दख्खनमधल्या पहिल्या शेतकऱ्यांविषयी जगात कुठेही लिहिले गेले, की एका मराठी गावाचे नाव त्यात येतेच. ते गाव म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यातले, प्रवरेच्या डाव्या तीरावरचे जोर्वे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तापीपासून भीमेपर्यंत पसरलेल्या एका संपूर्ण संस्कृतीला पुरातत्त्वज्ञांनी ‘जोर्वे संस्कृती’ म्हटले आणि हे नाव विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत, संग्रहालयांच्या फलकांवर, परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत जाऊन बसले. संस्कृती प्रसिद्ध झाली, गाव मात्र तळटिपेत राहिले. त्याची जमीन कशी आहे, पाणी कुठून येते, घरात पैसा कशातून येतो, या मातीत माणूस केव्हा स्थिरावला आणि केव्हा उठून गेला, हे सगळे एका ठिकाणी मांडून पाहावे, यासाठी हा अभ्यास आहे.

एका लहान गावावर एवढी पाने का खर्च करावीत, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. याचे एक उत्तर फ्रान्समध्ये मिळते. तिथे स्थानिक कारभाराचा सर्वांत लहान घटक म्हणजे कम्यून. आजही त्या देशात सुमारे ३५ हजार कम्यून आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची वस्ती आपल्या एखाद्या वाडीएवढीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या प्राथमिक शिक्षकांनी आपापल्या गावाचा भूगोल, इतिहास, पिके, धंदे आणि चालीरीती यांची टिपणे लिहून काढली. पुढच्या काळात फ्रेंच इतिहासकारांनी ग्रामीण जीवनाचा जो बारकाईने अभ्यास केला, त्याला अशा स्थानिक नोंदींचा मोठा आधार मिळाला.

मराठीतही या कामाची परंपरा आहे, आणि ती जुनी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातल्या नोकरीत त्यांनी गावाचा कारभार आतून पाहिला होता. काळी आणि पांढरी, वतनदार आणि बलुतेदार, कुणबी आणि फिरस्ते यांचे एकमेकांशी असलेले देणेघेणे त्यांनी त्यात उलगडले. १९१७ साली हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरच्या जमिनीचा, उत्पन्नाचा आणि कर्जाचा घरोघर जाऊन हिशेब मांडला. नारायण गोविंद चापेकरांनी बदलापूर या आपल्या गावावर मोठा ग्रंथ लिहिला. या तिघांची भूमिका आणि पद्धत वेगळी होती, पण गाव हा अभ्यासाचा पुरेसा मोठा विषय आहे, हे तिघांनीही गृहीत धरले होते. पुढचे विवेचन याच वाटेने जाते.

सुरुवात भूगोलापासून करावी लागते, कारण जोर्व्याची बाकी सारी कहाणी त्यातून निघते. प्रवरा सह्याद्रीच्या माथ्यावर, रतनगडाच्या परिसरात उगम पावते. रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर तिच्या उगमाजवळच आहे. घाटघर, रतनवाडी या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. तिथून नदी भंडारदरा, रंधा, अकोले करत पूर्वेला उतरते. संगमनेरला तिला म्हाळुंगी मिळते. इथवर येईपर्यंत पाऊस दहा पटींनी घटलेला असतो. पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर वर्ष बरे गेले असे म्हणायचे, असा हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. म्हणजे जोर्व्याच्या शिवारातून वाहणारे पाणी त्या शिवारावर पडलेले नसते. ते साठ-सत्तर किलोमीटर दूर, डोंगरात पडलेले असते. आभाळ कोरडे आणि नदी मात्र भरलेली, हे दृश्य इथल्या शेतकऱ्याने हजारो वर्षे पाहिले आहे.

नदीने दुसरी गोष्ट दिली ती माती. लाव्हाच्या थरांनी बनलेल्या बेसॉल्टची झीज होऊन तयार झालेला गाळ प्रवरेने दोन्ही काठांवर अंथरला. काठालगत ही काळी माती खोल आहे आणि ओल धरून ठेवते. नदीपासून दूर, संगमनेर तालुक्याच्या दक्षिणेला ज्याला लोक ‘पठार भाग’ म्हणतात तिकडे जावे, तसतशी माती पातळ होत मुरमाड होते. त्या भागात मेंढ्या आहेत, बाजरी आहे, पाण्यासाठी वणवण आहे. प्रवरेच्या काठी जागोजागी पाण्याने गाळ कापून खोल घळी पाडल्या आहेत. या घळींच्या उभ्या कडांत गाळाचे आणि वाळू-गोट्यांचे थर दिसतात आणि त्या थरांतच या खोऱ्याच्या फार जुन्या काळाची साक्ष आहे. खाली नेवाशाजवळ चिरकी नाल्यावर गुड्रून कॉर्विनस यांना अश्मयुगातली हातकुऱ्हाडींची मोठी जागा सापडली. शेती सुरू होण्याच्या लाखो वर्षे आधीपासून माणूस या नदीकाठी येत-जात होता. तो इथे घर बांधून राहिला मात्र बऱ्याच उशिरा.

गावाची वस्ती जिथे असते ती पांढरी आणि शेती जिथे असते ती काळी, ही विभागणी मराठी माणसाला परिचित आहे. मातीच्या भिंती पडतात, चुलीतली राख साठते, शेणमाती मिसळते आणि शतकानुशतके राहिलेल्या जागेची माती फिकट होऊन उंचावते. नदीकाठची अशी पांढरीची टेकाडे म्हणजे पुरातत्त्वज्ञाचे पहिले लक्ष्य. शेतकऱ्यालाही ती माती खत म्हणून उपयोगी वाटत आली. महाराष्ट्रातली कितीतरी टेकाडे गाड्या भरभरून शेतात पसरली गेली आणि त्यांच्याबरोबर वस्तीचा पुरावाही गेला. जोर्व्याचे टेकाड अभ्यासकांच्या नजरेस वेळेवर पडले, हे आपले भाग्य. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या हसमुख धीरजलाल सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकबरोबर इथेही उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला.

उत्खनन लहान होते, त्याचे फळ मात्र मोठे निघाले. तांबूस-नारिंगी रंगाची, चाकावर घडवलेली, काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली भांडी मिळाली. ती इतकी पक्की भाजलेली, की वाजवली तर धातूसारखा नाद यावा. तोटीची भांडी, कमरेत मुडपलेले वाडगे, उंच मानेचे गोल घट ही या कुंभारकामाची ओळख ठरली. याच गावात तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि तांब्याचे कडेही मिळाले. एका कुऱ्हाडीच्या धातूत थोडे कथिलही होते. तांबे या परिसरात निघत नाही. ते दुरून, देवघेवीतून आलेले असणार. साडेतीन हजार वर्षांपूर्वीही जोर्व्याचे अर्थकारण शिवेच्या आत संपत नव्हते, हे या कुऱ्हाडी सांगतात.

पुढे अशी भांडी दोनशेहून अधिक ठिकाणी मिळाली. प्रवरेच्याच काठी, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला या काळातली फार मोठी वसाहत उजेडात आली. १९७४ साली तिथे सापडलेले काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ यांनी सारे जग चकित झाले. नेवाशाला लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि तिच्या धाग्यात कापूस आणि रेशीम असल्याचे दिसले. मात्र या लोकांच्या रोजच्या जगण्याचे सर्वांत पूर्ण चित्र मिळाले ते प्रवरेपासून दूर, पुणे जिल्ह्यात घोड नदीवरच्या इनामगावात. तिथे १९६८ पासून अनेक वर्षे मधुकर केशव ढवळीकर, सांकलिया आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी खोदकाम केले आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष मोकळे केले. जव हे त्यांचे मुख्य धान्य होते. त्याखालोखाल गहू, मसूर, वाटाणा. गाईबैल भरपूर होते. दगावलेल्या लहान मुलांना दोन घटांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरत. नगरच्या माणसाला बाजरी आणि ज्वारी म्हणजे आपले मूळ अन्न वाटते, पण या मातीतल्या पहिल्या शेतकऱ्यांची मदार जवावर होती.

इनामगावातल्या दोन गोष्टी या अभ्यासाच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. एक, नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी खोदलेला चर आणि त्याच्या जोडीचा दगडमातीचा बांध. दुसरी, पाच खोल्यांचे मोठे घर आणि त्याला लागून असलेले धान्याचे कोठार. ढवळीकरांनी हे घर गावच्या प्रमुखाचे मानले आणि कोठारात गावाकडून आलेले धान्य साठत असावे, असा अर्थ लावला. चर एकट्याला खोदता येत नाही आणि कोठार एकट्यासाठी बांधले जात नाही. पाणी वळवणे आणि धान्य राखून ठेवणे या दोन कामांसाठी माणसांनी एकमेकांशी काही ठरवले, आणि त्या ठरावातून गाव उभे राहिले. जोर्व्याविषयी मला जे सांगायचे आहे त्याचे बीज इथे आहे. सुपीक माती माणसाला बोलावते. पाण्याविषयीचा आणि साठ्याविषयीचा करार जोवर पाळला जातो, तोवर माणूस तिथे राहू शकतो.

हा करार किती नाजूक असतो, हे याच खोऱ्याने दाखवले आहे. इ.स.पू. १४०० च्या सुमारास भरभराटीला आलेली प्रवरा-गोदावरी खोऱ्यातली गावे इ.स.पू. १००० च्या आसपास ओस पडली. भीमेच्या खोऱ्यात लोक आणखी तीनेकशे वर्षे तग धरून राहिले, पण खालावलेल्या स्थितीत. इनामगावात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाचे प्रमाण घटले, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्यावरची भिस्त वाढली. ढवळीकरांनी याचे कारण पावसाच्या दीर्घ घसरणीत शोधले. शेतकरी पुन्हा भटका झाला. नेवाशाचे टेकाड त्यानंतर कित्येक शतके निर्मनुष्य राहिले आणि सातवाहनांच्या काळाच्या सुमारास तिथे परत वस्ती झाली. आपण गावाला ‘अनादी’ म्हणतो, पण या खोऱ्याच्या गावांना एकदा आदि होता, एकदा अंत झाला आणि मग पुन्हा आरंभ झाला. प्रवरेकाठच्या आजच्या गावकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, असे मला कळकळीने वाटते.

लिखित इतिहासात हा परिसर संगमनेरच्या आधाराने दिसतो. यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२ चा, म्हणजे इ.स. १००० चा ताम्रपट संगमनेरचा म्हणूनच ओळखला जातो. तेराव्या शतकात याच नदीच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरचे भाष्य सांगितले. निजामशाहीच्या पडत्या काळात शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीच्या किल्ल्यावर एका बालराजाला गादीवर बसवून राज्य सावरण्याचा प्रयत्न केला. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला, मोजणी झाली, रोख सारा ठरला. पाऊस कमी झाला तरी सारा ठरलेलाच, त्यामुळे सावकाराची पायरी चढणे भाग. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखते जाळली. पाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. १८७९ च्या कायद्याने कर्जदार शेतकऱ्याला थोडे संरक्षण मिळाले, पण भांडवलाचा प्रश्न सुटला नाही. इनामगावात कोठार होते. एकोणिसाव्या शतकातल्या नगरच्या गावात त्या जागी सावकाराचे घर होते. साठा सर्वांच्या हातून एकाच्या हाती गेला की काय होते, ते या दशकांत दिसले.

यानंतर प्रवरेच्या खोऱ्याचे रूप पालटले ते दोन गोष्टींनी. पहिली, धरण आणि कालवे. जोर्व्याच्या खाली ओझरला नदीवर बंधारा होता. वरच्या अंगाला भंडारदऱ्याचे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. ८२ मीटर उंच, सुमारे अकरा टीएमसी साठ्याचे हे धरण त्या काळात देशातल्या मोठ्या धरणांत गणले जाई. डोंगरातला पाऊस आता उन्हाळ्यातही नदीने खाली येऊ लागला आणि ओझरहून दोन्ही बाजूंच्या पाटांनी राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या भागांत पोहोचला. दुसरी गोष्ट सहकार. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा राहिला. १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. सावकाराच्या दारात उभा राहणारा कुणबी आता कारखान्याचा भागधारक झाला. सामायिक कोठाराची जुनी कल्पना नव्या कायदेशीर रूपात खोऱ्यात परतली, असे याकडे पाहता येते.

जोर्वे या घडामोडीच्या मधोमध आहे, आणि तिथेच त्याची खरी अडचण आहे. ओझरचे पाट गावाच्या खालच्या अंगाला सुरू होतात. धरणाचे पाणी गावावरून जाते, पण पाटाने शेतात येत नाही. संगमनेर-अकोल्याच्या शेतकऱ्यांना विहिरी, नदीवरचे बंधारे आणि उपसा योजना यांवर भिस्त ठेवावी लागली आणि नदीतल्या हक्काच्या पाण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. या झगड्यातून आणि सहकाराच्या उभारणीतून पुढे आलेले भाऊसाहेब थोरात हे याच जोर्व्याचे. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या या कार्यकर्त्याने संगमनेरला साखर कारखाना, दूध संघ आणि शिक्षणसंस्था उभ्या केल्या. उतारवयात त्यांनी तालुक्याच्या उघड्या डोंगरांवर झाडे लावण्यासाठी ‘दंडकारण्य’ मोहीम हाती घेतली.

आजच्या संगमनेर तालुक्याचे अर्थकारण समजून घ्यायचे तर उसाइतकेच दुधाकडे पाहावे लागते. ऊस वर्षातून एकदा पैसा देतो. दूध दर दहा दिवसांनी देते. ‘दुधाचा पगार’ हा शब्द इथल्या घरांत रुळलेला आहे, आणि किराणा, शाळेची फी, दवाखाना हे सारे त्या पगारावर चालते. संकरित गाय, मुक्त गोठा, मुरघास, दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ फॅट तपासणे हे दिनक्रमाचे भाग झाले आहेत. या कामाचा मोठा भार घरातल्या स्त्रियांवर असतो, दूध डेअरीच्या खात्यावर नाव मात्र बहुधा पुरुषाचे. जोडीला कांदा, टोमॅटो, डाळिंब अशी बाजारभावाच्या झोक्यावर हलणारी पिके आहेत. ऊस तोडायला बीड आणि पाथर्डीकडून टोळ्या येतात, ज्यांच्या स्वतःच्या शिवारात पाणी नाही. प्रवरेकाठच्या सुबत्तेचा हिशेब लिहिताना ही माणसे हिशेबाबाहेर ठेवणे अन्यायाचे होईल.

पाण्याचा करार अजूनही पूर्ण झालेला नाही. प्रवरेवरच्या दुसऱ्या, निळवंडे धरणाच्या कालव्यांची वाट दुष्काळी गावांनी पन्नास वर्षे पाहिली. डाव्या कालव्यात पाणी सुटले ते २०२३ साली. दुसरीकडे, २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते आणि दरवेळी नगर-मराठवाडा असा वाद पेटतो. दोन्ही बाजूंची तहान खरी आहे. जोर्व्यातल्या माणसाने एकाच वेळी भंडारदऱ्याखालचा हक्कदार आणि पैठणच्या वरचा देणेकरी म्हणून विचार करायला शिकावे, एवढी ही नदी आज लांब झाली आहे. एका गावाने चर खोदून केलेला ठराव आता पाच-सहा तालुके आणि दोन विभाग यांच्यात करायचा आहे. आकार बदलला, प्रश्न तोच आहे.

त्यात भूजलाची भर पडली आहे. नदीकाठची खोल माती आणि तिच्याखालचा खडक यांत मुरलेले पाणी विंधन विहिरींनी ज्या वेगाने उपसले जाते, त्या वेगाने ते भरत नाही. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पावसाचे माप घेऊन, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची रीत पाडली आहे. तिथे नदी नाही, धरण नाही, पाऊसही तुटपुंजा आहे. जिथे नदी आहे तिथे हा ताळेबंद कमी गरजेचा आहे, असे समजणे घातक ठरेल.

पुढील प्रकरणांची मांडणी तीन भागांत आहे. पहिला भाग भूमीचा : नदी, माती, पाऊस, विहिरी, झाडोरा. दुसरा काळाचा : ताम्रपाषाणयुगापासून आजपर्यंत, मधल्या ओसाड शतकांसह. तिसरा उपजीविकेचा : पिके, दूध, मजुरी, कर्ज, स्थलांतर. भाग वेगळे दिसले तरी ते एकमेकांशी जोडून वाचावेत. मातीचा थर कळल्याखेरीज घरांची जागा कळत नाही, आणि पाण्याचा हक्क कळल्याखेरीज आजची श्रीमंती-गरिबी कळत नाही.

वाचकाकडे मागणे दोन आहेत. एक, आपल्या गावची पांढरी जपा. टेकाडावर नांगर किंवा जेसीबी फिरवण्याआधी तिथल्या खापऱ्या जाणकाराला दाखवा. एकदा माती हलली, की तिच्यातली शतके परत मिळत नाहीत. दुसरे, हा अभ्यास ग्रामसभेत वाचा आणि त्यातली उणीव भरून काढा. गावातल्या विहिरींची खोली, पाण्याच्या पाळ्या, मोडलेले बंधारे, विसरलेले पाट यांची नोंद शाळेतली मुले करू शकतात आणि ती दरवर्षी पुढे नेऊ शकतात. या खोऱ्यातली पहिली गावे का उठली, हे शोधायला आपल्याला तीन हजार वर्षांनंतर खापऱ्या चाळाव्या लागल्या, कारण त्यांनी काही लिहून ठेवले नव्हते. आपल्याला लिहिता येते. पाणी किती आहे, कोणाचे आहे आणि किती वापरायचे, हे जोर्व्याने लिहून ठरवले आणि ठरवल्याप्रमाणे पाळले, तर एका संस्कृतीला नाव देणारे हे गाव गाव कसे टिकवावे याचाही धडा देऊ शकेल.